आकृतीचा आंतला भाग

दारापुढें ठिपक्यांची रांगोळी घालणारी स्त्री ठिपके जोडून आकृति पुरी करते आणि मग चिमटीनें रंग भरूं लागते. रंग कोठवर न्यावयाचा, हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर हेंच काम यंत्राकडून करवून घ्यावयाचें असतें, तेव्हां मात्र रेषा कोणती, आंतला भाग कोणता आणि बाहेरचा कोणता, हें सारें त्याला अंकांच्या भाषेंत समजावून द्यावें लागतें.

यंत्राच्या लेखीं पडदा म्हणजे ठिपक्यांची एक अफाट चौकट. पुष्कळ पडद्यांवर आडव्या ओळींत १९२० आणि उभ्या ओळींत १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. यांनाच पिक्सेल म्हणतात. भूमितींतील रेषेला जाडी नाहीं आणि खंडहि नाहीं. पडद्यावरची रेषा ही मात्र निवडलेल्या ठिपक्यांची रांग होय. तेव्हां पहिला प्रश्न निवडीचा.

या निवडीची प्रसिद्ध रीत जॅक ब्रेझनहॅम यांनीं १९६२ सालीं आयबीएम कंपनींत काम करीत असतां बसविली. ती १९६५ सालीं छापून आली. मुळांत ती पडद्यासाठीं नव्हे, तर कागदावर पेनानें रेघा ओढणाऱ्या यंत्रासाठीं होती. समजा, एका ठिपक्यापासून निघून पांच घरें उजवीकडे आणि दोन घरें वर अशी रेषा काढावयाची आहे. दर पावलास ती दोन पंचमांश घर चढते. अपूर्णांकांचा हिशेब यंत्रास महाग पडे. पण सर्व आंकडे दहापटीनें धरले, म्हणजे दर पावलास ४ जमा होतात. शिल्लक ५ किंवा अधिक झाली, कीं एक घर वर चढावयाचें आणि शिलकेंतून १० वजा करावयाचे. पहिल्या पावलास शिल्लक ४, चढ नाहीं, दुसऱ्यास ८, चढ, उरले उणे २, तिसऱ्यास २, चौथ्यास ६, पुन्हां चढ, उरले उणे ४, पांचव्यास शून्य, आणि रेषा बिनचूक मुक्कामावर! बेरीज, वजाबाकी आणि तुलना यांपलीकडे यांत कांहीं नाहीं. वाण्याची उधारीची वही याहून अवघड असते.

खरी परीक्षा होते ती रंग भरतांना. एक रीत पुराच्या पाण्यासारखी आहे. आंतील एक ठिपका रंगवावा. मग त्याचे शेजारी पाहावेत. जे कोरे असतील ते रंगवावेत, आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडे वळावें. कड लागली, कीं त्या बाजूस थांबावें. १९८४ सालीं मॅकिंटॉश संगणकाबरोबर आलेल्या ‘मॅकपेंट’ या बिल अॅटकिन्सन यांच्या आज्ञावलींत याच कामासाठीं रंग ओतणाऱ्या बादलीचें चिन्ह होतें, आणि तें अगदीं यथार्थ होतें. कारण कडेंत एका ठिपक्याएवढी फट राहिली, तरी रंग बाहेर फुटून सारें चित्र बुडवून टाकतो. शेजारी म्हणजे कोण, हेंहि आधीं ठरवावें लागतें. वरच्या उदाहरणांतील रेषा जेथें चढते, तेथें तिचे दोन ठिपके केवळ कोपऱ्याला कोपरा लावून असतात. रंग चारच दिशांनीं पसरत असेल, तर ती भिंत त्याला अडविते. तिरप्या दिशाहि मोकळ्या ठेवल्या, तर तो त्याच कोपऱ्यांतून निसटतो.

दुसरी रीत आधीं काढलेल्या चित्राकडे पाहतच नाहीं. ती आकृतीच्या कडेचें गणित करते. स्वतःला न छेदणारी बंद वक्ररेषा सपाटीचे आंतला व बाहेरचा असे दोनच भाग करते, हें सिद्ध करण्याची गरजहि सामान्य माणसास वाटणार नाहीं. पण फ्रेंच गणिती कामील जॉर्दां यांनीं १८८७ सालीं त्याची सिद्धता मांडली, आणि ती समाधानकारक नाहीं म्हणून अमेरिकन गणिती ऑस्वाल्ड व्हेब्लेन यांनीं १९०५ सालीं दुसरी दिली. डोळ्याला जें आयतें दिसतें, तें बुद्धीनें मिळवितांना असें सायास पडतात. संगणकापुरता नियम सुटसुटीत आहे. शंकित बिंदूपासून एक सरळ रेषा दूरवर न्यावी आणि ती कडेला किती वेळां छेदते तें मोजावें. विषम संख्या आली तर बिंदु आंत, सम आली तर बाहेर.

परंतु आकृति स्वतःवरच आडवी गेली, कीं या नियमाची फजिती होते. ‘व’ हें अक्षरच घ्यावें. पडद्यावरचें प्रत्येक अक्षर म्हणजे कडा आंखून आंत रंग भरलेली आकृति असते. अक्षर रेखणाऱ्यानें काना आणि शिरोरेषा या दोन स्वतंत्र पट्ट्या एकमेकींवर चढविल्या असतील, तर दोहोंच्या सांध्यांतील बिंदूपाशीं मोजणी सम येते, आणि ऐन सांध्यांत पांढरें भोंक पडतें!

यावर उपाय दुसऱ्या नियमाचा. शंकित बिंदूवर देऊळ आहे अशी कल्पना करावी, आणि कोणी भाविक आकृतीच्या प्रत्येक कडेवरून चालून मूळ जागीं परत येतो असें समजावें. देवळास एकंदर किती प्रदक्षिणा घडल्या तें मोजावयाचें. उलट्या प्रदक्षिणा वजा धरावयाच्या. बाकी शून्य आली तर बिंदु बाहेर, एरवीं आंत. सांध्यावर दोन प्रदक्षिणा भरतात, म्हणून तेथें रंग राहतो. ‘व’च्या पोटांतील पोकळी मोकळी राहावी म्हणून तिची कड उलट दिशेनें आंखावयाची, म्हणजे एक अधिक, एक उणी, बाकी शून्य. ही दिशा चुकली, तर पोकळी बुजून ‘व’चा काळा गोळा होतो. १९८४ सालच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या छपाईच्या भाषेनें दोन्ही नियमांना जागा दिली आहे.

लगतच्या आकृतींचा तंटा निराळा. नकाशांत पुणें व सातारा हे जिल्हे वेगवेगळ्या रंगांनीं भरतांना सामाईक सीमेवर नेमका पडणारा ठिपका कोणाचा? दोघांनींहि सोडला तर फट दिसते; दोघांनींहि रंगविला आणि रंग पारदर्शक असले, तर तेथें गडद रेघ उमटते. म्हणून डावी व वरची कड आपली, उजवी व खालची शेजाऱ्याची, असा एक संकेत रूढ आहे.

अक्षरें बारीक झालीं, कीं आणखी एक अडचण उभी राहते. ठिपक्याचा मध्य आकृतींत पडतो कीं नाहीं, एवढेंच पाहिलें, तर ज्या अनुस्वाराची रुंदी जेमतेम एक पिक्सेल आहे, तो चार पिक्सेलांच्या सांध्यावर येतांच नाहींसा होतो. चारांपैकीं एकाचाहि मध्य त्यांत सांपडत नाहीं, आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो. यासाठीं आतां प्रत्येक पिक्सेलाचा किती भाग झांकला गेला तें मोजतात. त्या चौघांचा सुमारें पांचवा हिस्सा झांकलेला असतो, म्हणून चौघांनाहि तितक्याच फिक्या करड्या रंगाची छटा मिळते. वाचणाऱ्याचा डोळा त्या चारांचा मिळून एक अनुस्वार करतो.