३४ मिनिटांचा अंधार आणि एक बिस्कीट

सोशल मीडिया मार्केटिंगचा अभ्यास सुरू केला की ओरिओचा किस्सा कानावर येतोच.

३ फेब्रुवारी २०१३. न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, सुरू होता. मध्येच अर्ध्या स्टेडियमचे दिवे गेले आणि खेळ ३४ मिनिटं ठप्प झाला. तेवढ्यात ओरिओच्या ट्विटर खात्यावर एक चित्र झळकलं: काळोख, अंधुक उजेडात एकच बिस्कीट आणि मजकूर असा की, अंधारातही ते दुधात बुडवता येतंच! त्या सामन्यात टीव्हीवरच्या ३० सेकंदांच्या जाहिरातीचा भाव ४० लाख डॉलरच्या आसपास होता. हे ट्विट फुकटात गाजलं.

लोक दाद देतात हजरजबाबीपणाला. खरी मेख मात्र पूर्वतयारीत होती. मजकूर लिहिणारे, चित्र करणारे आणि होकार देणारे कंपनीचे अधिकारी त्या रात्री एकत्रच बसले होते. एरवी साध्या पोस्टरची फाईलसुद्धा तीन साहेबांच्या टेबलांवरून फिरते!

मुंबईकरांना यात नवल वाटू नये. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली अमूलची मुलगी १९६६ पासून ताज्या घडामोडींवर कोट्या करतेय, तेही हाताने रंगवलेल्या होर्डिंगांच्या जमान्यापासून.

तुमच्या लक्षात राहिलेलं अमूलचं होर्डिंग कोणतं? जरूर सांगा.