विश्लेषण : पणजोबांची जात कोणत्या कागदावर? म्हसवडच्या नोंदवहीपासून चेरोकींच्या यादीपर्यंत…

बारावीचा निकाल लागला की माण तालुक्यातील अनेक घरांत जुन्या ट्रंका उघडल्या जातात. प्रवेश गुणांवर मिळतो, पण राखीव जागेवर तो टिकतो जात वैधता प्रमाणपत्रावर. आणि हे प्रमाणपत्र बहुतेकदा अडते ते निरक्षर पणजोबांपाशी. ते शाळेत गेले नाहीत, त्यांच्या नावावर जमीन नव्हती आणि दुष्काळात त्यांनी गावही सोडले. मग त्यांचा कागद आणायचा कुठून?

इतके मागे का जावे लागते?

वैधता तपासताना प्रत्येक प्रवर्गासाठी एक मानीव दिनांक ठरलेला आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी कुटुंबाचे कायम वास्तव्य आजच्या महाराष्ट्रात होते आणि जात तीच होती, हे दाखवावे लागते. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची, असे राज्याचा जात प्रमाणपत्र कायदा स्पष्ट सांगतो. कागद जितका जुना, तितके त्याचे वजन जास्त. स्वातंत्र्यापूर्वी जात लिहिताना आरक्षणाचा लाभ कोणाच्या मनात नव्हता, म्हणून अशा नोंदींना न्यायालये अधिक महत्त्व देतात.

वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगाला आधीच वैधता मिळालेली असेल, तर मात्र वाट बरीच सोपी होते. चुलत्याचे प्रमाणपत्र पुतण्याला उपयोगी पडते. अट एवढीच, की नाते वंशावळीतून सिद्ध झाले पाहिजे आणि चुलत्याने ते प्रमाणपत्र खरी माहिती देऊन मिळवलेले असले पाहिजे.

कोणते कागद खरोखर कामाचे?

पहिला मान शाळेच्या जनरल रजिस्टरचा. त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मिळतो आणि त्यात जातीचा रकाना असतो. पणजोबा शाळेत गेले नसतील तर गाव नमुना नंबर १४ पाहावा. लोक त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. गावातील जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही तहसीलच्या अभिलेख कक्षात असते आणि बाळाच्या बापाच्या नावापुढे जात लिहिलेली आढळते. पणजोबांची स्वतःची नोंद सापडली नाही, तर त्यांच्या भावंडांची किंवा मुलांची शोधावी. अनेक प्रकरणे मुलगा जन्मला त्या ओळीवर सुटतात. जमिनीचे फेरफार, क-ड-ई पत्रक आणि हक्कनोंदणीही उपयोगी पडते, पण ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याचा तेथे पत्ता लागत नाही.

अडचण पुढे येते. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात आणि त्यांत आडनाव नसते. ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढेच लिहिलेले. बाईच्या बाबतीत ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव. एकाच गावात एकाच नावाचे तीन बाप-लेक असतील तर आपला कोणता? म्हणून नोंद सापडणे हे निम्मेच काम. त्या माणसापासून अर्जदारापर्यंतची साखळी जोडणे हे उरलेले, आणि जास्त जिकिरीचे. पुढच्या पिढीने मुंबईत जाऊन ‘म्हसवडकर’ असे आडनाव लावले असेल, तर साखळीची एक कडी तिथेच निसटते.

जिल्हाच बदलला असेल तर?

म्हसवड आज सातारा जिल्ह्यात आहे. शेजारचे आटपाडी सांगली जिल्ह्यात. पण आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९४९ मध्ये साताऱ्याचे तुकडे पडून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये. पणजीचे माहेर आटपाडी आणि सासर म्हसवड असेल, तर एकाच घराचे कागद दोन राजवटींच्या दप्तरांत विखुरलेले असतात. जुन्या दाखल्यावर ‘दक्षिण सातारा’ दिसले म्हणून दचकण्याचे कारण नाही. खानापूर-आटपाडी-माण पट्ट्यातील जी कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली, त्यांच्या नातवंडांनाही अखेर याच तहसिलांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

ज्यांचा इतिहास आधीच लिहिलेला आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. संताजी घोरपडे यांच्या हत्येशी ज्यांचे नाव जोडले जाते ते नागोजी माने म्हसवडचे. अशा वतनदार घराण्यांच्या वंशावळी सनदा-महजरांत सापडतात. मेंढपाळाच्या वाट्याला कोतवालाने घाईत लिहिलेली एक ओळ येते.

हेळव्याची वही चालते का?

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी दारी येतो. सजवलेला बैल, खांद्यावर झोळी आणि जवळ वही. ‘हेळव’ म्हणजे कानडीत पांगळा. मूळ पुरुष पांगळा होता व तो नंदीवर बसून फिरे, अशी त्यांची परंपरा सांगते. काही वर्षांच्या अंतराने तो येतो, घराण्याचा मूळ पुरुष, कुलदैवत, कुठून कुठे स्थलांतर झाले हे वाचून दाखवतो, नवी नावे लिहून घेतो आणि धान्य, भांडे किंवा जनावर दान घेऊन जातो. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच.

समितीपुढे ही वही सरकारी नोंदीची जागा घेऊ शकत नाही. पण कोणत्या गावचे, कोणत्या काळातले दप्तर उघडायचे, हे तीच सांगू शकते, आणि आठवणीतून उभ्या केलेल्या वंशावळीतील चूकही तिथेच कळते. गंमत म्हणावी की दुर्दैव, इतरांची कुळे जपणारा हेळवी स्वतः भटक्या जमातींच्या यादीत आहे आणि फिरत्या जिण्यामुळे त्याच्याच मुलांना जुना कागद मिळणे सर्वांत अवघड.

चेरोकींचा संबंध काय?

‘आमची खापरपणजी चेरोकी होती’ असे सांगणारी असंख्य कुटुंबे अमेरिकेत आहेत. चेरोकी हे तेथील एक मूळनिवासी राष्ट्र. १८३८-३९ मध्ये त्यांना आग्नेय भागातून बळजबरीने आजच्या ओक्लाहोमात हाकलण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत हजारो दगावले. पुढे जमीनवाटपासाठी सरकारने १८९८ ते १९०६ दरम्यान नावनोंदणी केली. ती ‘डॉझ यादी’. आज चेरोकी नेशनचे नागरिकत्व हवे असेल तर थेट पूर्वज त्या यादीत असावा लागतो. रक्ताचे किमान प्रमाण लागत नाही आणि डीएनए चाचणी चालत नाही. नॉर्थ कॅरोलिनातील पूर्व शाखेची यादी वेगळी, १९२४ ची, आणि तिथे किमान एक षोडशांश रक्ताची अट आहे.

फरकही मोठे आहेत. तेथे आईकडचा पूर्वजही चालतो. पारंपरिक चेरोकी कूळ तर आईकडूनच मोजले जाई. आपल्याकडे शोध मुख्यतः बापाच्या बाजूने चालतो. अमेरिकेत ७२ वर्षांनंतर जनगणनेचे नावानिशी तक्ते खुले होतात, १९५० चे २०२२ मध्ये झाले. भारतात जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी पाहताही येत नाहीत. म्हणून १९३१ ची जातनिहाय जनगणना आपल्याला आकडे देते, आजोबा देत नाही.

यादी करणाऱ्याची नजरही नोंदीत उतरते. चेरोकींनी गुलाम म्हणून बाळगलेल्या कृष्णवर्णीयांना डॉझ यादीत वेगळे काढले गेले. त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा हक्क आहे, यावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०१७ उजाडले.

गॅझेटियर, समिती आणि एक अक्षर

मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभरात पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. नंतर सातारा गॅझेटियरचीही मागणी पुढे आली. पण १८८५ चा साताऱ्याचा खंड जिल्ह्यातील समाजांचे वर्णन आणि संख्या देतो, घरोघरच्या माणसांची नावे देत नाही. गॅझेटियर आणि कोतवाल बुक यांतला हा फरक चर्चेत वारंवार पुसला जातो.

माणदेशातील धनगर समाजाचा प्रश्न तर अक्षरावर अडला. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरॉन, धनगड’ अशी नोंद आहे; ती धनगरांनाही लागू करावी, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली.

सुरुवात कुठून करावी?

घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून, आणि तीही आजच. नावे, बहिणी कुठे दिल्या, कुलदैवत कोणते, हे लिहून घ्यावे. म्हसवडच्या सिद्धनाथाला येणारी कितीतरी घरे आज दूरवर राहतात; कुलदैवत हा पुरावा नसला तरी मूळ गावाचा माग असतो. मग शाळा, त्यानंतर तहसीलचा अभिलेख कक्ष. नकलेसाठी अर्ज करताना गाव, नमुना आणि वर्षांचा टप्पा लिहावा. ‘पणजोबांची जात मिळावी’ एवढ्याने काही मिळत नाही. मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घेताना मूळ पानाची प्रमाणित प्रतही जोडावी. खाडाखोड किंवा वेगळ्या शाईतील अक्षर दिसले तर ते लपवू नये, कारण दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते. आणि अर्ज प्रवेशाच्या जूनमध्ये नव्हे, मुलगा अकरावीत असतानाच करावा.