बोधचिन्हाआधी मूडबोर्ड

आपल्या शाळेचे बोधचिन्ह, गणवेशावरचा बिल्ला, प्रवेशाचे माहितीपत्रक आणि दारावरचा फलक नव्याने करावा, असा विचार विश्वस्त मंडळाने मांडला आहे. सूचना पुष्कळ आल्या. कुणाला भगवा रंग हवा, कुणाला निळा. काही पालकांना इंग्रजी शाळांसारखी ढाल हवी, काहींना सरस्वती. "साधे पण आकर्षक" हे मात्र सगळेच म्हणतात. फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांपुढचे 'साधे' निराळे असते. अशा वेळी चित्रकाराने काय काढावे? म्हणून रेखाटनाआधी आपण मूडबोर्ड करणार आहोत.

मूडबोर्ड म्हणजे काय?

एका मोठ्या पुठ्ठ्यावर चित्रे, छायाचित्रे, रंगांचे तुकडे, कापडाचे नमुने आणि अक्षरांची वळणे विचारपूर्वक लावली की मूडबोर्ड तयार होतो. तो पाहून संस्थेचा स्वभाव कळावा, एवढीच अपेक्षा असते. तो बोधचिन्ह नव्हे. बोधचिन्ह कोणत्या वाटेने जावे हे सांगणारा नकाशा आहे. शब्दांवरून वाद होतात, पण समोर ठेवलेल्या नमुन्यावर बोट ठेवून "हे आपले, हे नाही" असे म्हणता येते.

महेश्वरचा धडा

आपल्या इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर महेश्वर आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात तिथूनच राज्यकारभार केला. महेश्वरी साडीचे काठ पाहा: चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल. ही नक्षी किल्ल्याच्या आणि मंदिरांच्या दगडी कोरीवकामातून आली, असे विणकर सांगतात. लहरिया काठात नर्मदेच्या लाटा आहेत. रंगांची नावेही ओळखीची: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, आमरसी, तपकिरी.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सॅली आणि रिचर्ड होळकर यांनी मागे पडत चाललेल्या या विणकामासाठी रेहवा सोसायटी सुरू केली. संस्थेला नाव नर्मदेचे दिले आणि विणकामातही किल्ल्याची नक्षी जपली. महेश्वरचा किल्ला आणि घाट हाच त्या साडीचा मूडबोर्ड म्हणावा लागेल. म्हणूनच ती साडी दुरूनही ओळखू येते. उसनी ढाल लावली तर आपली शाळा शेजारच्या दहा शाळांसारखी दिसेल.

कृती

१. आधी शाळेचा स्वभाव सांगणारे तीनच शब्द ठरवा. उदाहरणार्थ: जिव्हाळा, शिस्त, मोकळेपणा.

२. या शब्दांना धरून पन्नासेक नमुने जमवा. शाळेची जुनी छायाचित्रे, जिन्याचा कठडा, फरशीची नक्षी, आजीच्या साडीचा काठ, रांगोळी, सगळे चालेल. अस्सल वस्तू न चिकटवता तिचे छायाचित्र लावा.

३. आता निवड करा. जो नमुना तीनपैकी एकाही शब्दाशी जुळत नाही, तो कितीही सुंदर असला तरी काढून टाका. दहा-पंधरा पुरेत. हाच भाग सर्वांत अवघड असतो.

४. मुख्य चित्र मोठे आणि मध्यभागी ठेवा. चार-पाच रंगांच्या पट्ट्या एका बाजूला लावा. त्यातला एक प्रमुख, बाकीचे साथीला.

५. प्रत्येक नमुन्याखाली एका ओळीत कारण लिहा. "आवडले" हे कारण नव्हे.

६. शेवटी शाळेशी संबंध नसलेल्या दोन-तीन माणसांना पुठ्ठा दाखवा आणि काय वाटते ते विचारा. आपले तीन शब्द किंवा त्यांच्या जवळचे शब्द आले, तर काम जमले.

अक्षरांकडे लक्ष

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, त्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मराठी 'ल' आणि 'श' यांची पारंपरिक वळणे हिंदीतल्या वळणांहून निराळी आहेत. संगणकावरचे अनेक फॉन्ट हिंदी वळणच दाखवतात आणि छापखान्यातून तेच छापून येते. 'शाळा' या शब्दातच 'श' आहे! हिंदी वळण चुकीचे नाही. पण मराठी शाळेच्या फलकावर मराठी वळण असावे. तेव्हा मूडबोर्डवर जुन्या मराठी पुस्तकांतली आणि पाट्यांवरची अक्षरे अवश्य लावा.

इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतली मुले बाहेर हिंदी बोलतात, इंग्रजी वाचतात. मराठी रोज डोळ्यांसमोर राहण्याच्या जागा थोड्याच उरल्या आहेत. शाळेचा फलक ही त्यातली एक आहे.

आठवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांनी गट करून पुठ्ठे तयार करावेत. पालकांनी घरचे जुने नमुने, छायाचित्रे दाखवावीत. विश्वस्तांना विनंती, की एक मूडबोर्ड सर्वानुमते ठरल्यावरच चित्रकाराला काम द्यावे. देणगीतून आलेला पैसा पुन्हा पुन्हा रेखाटने बदलण्यात जाऊ नये.