मशागत: शेताची आणि मनाची

'मशागत' म्हटलं की डोळ्यांपुढे नांगरट, कुळवणी, धसकटं वेचणं येतं. पण हा शब्द मूळचा मातीतला नाहीच! अरबी 'मशक्कत', म्हणजे कष्ट, त्यावरून तो मराठीत आला आणि इथे शेतात रुजला. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं.

लॅटिनमध्ये प्रवास उलटा झाला. 'कोलेरे' या क्रियापदाचे अर्थ तीन: जमीन कसणं, वस्ती करणं, देवाची उपासना करणं. 'कल्चर' आणि 'कॉलनी' दोन्ही त्याचीच लेकरं. इ. स. पू. ४५ च्या सुमारास रोमन विचारवंत सिसेरोने हा शेतातला शब्द मनाला लावला. त्याचं म्हणणं असं की जमीन कितीही सुपीक असली तरी कसल्याशिवाय पिकत नाही, तसंच मन शिक्षणाशिवाय. आधी दुर्गुणांचं तण मुळासकट उपटायचं, मग पेरणी. आपले शेतकरी पूर्वमशागत म्हणतात ती हीच की!

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बंगालीत 'कल्चर'साठी 'कृष्टि' हा शब्द रूढ होऊ लागला होता. 'कृषी'चा सख्खा भाऊ, पण रवींद्रनाथ टागोरांना तो मुळीच रुचला नाही. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जी यांना पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून कळलं की मराठीत यासाठी 'संस्कृती' म्हणतात. रवींद्रनाथांना तो शब्द पसंत पडला.

पेरल्यानंतरही खुरपणी-कोळपणी चालूच राहते, तिला आंतरमशागत म्हणतात. मनालाही अशी निगा सतत लागते, आणि त्यासाठी इतका नेमका शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत अजून भेटलेला नाही. तुमच्याकडे या कामांना काय म्हणतात, नक्की सांगा.