कोवळ्या ज्वारीतील विष आणि एक विकर

पावसाने दीर्घ ओढ दिली म्हणजे ज्वारीचे कोवळे पीक खुरटते. अशा शेतात शिरलेले जनावर थोड्याच वेळात धापा टाकू लागते, तोंडाला फेस येतो, झटके येतात आणि पुष्कळदा उपचारापूर्वीच ते दगावते. ग्रामीण भागात यास ‘किराळ लागणे’ असे म्हणतात. या हानीमागील रासायनिक कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत ‘धुरिन’ नावाचा पदार्थ असतो. डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. धुरिन पानाच्या बाह्यत्वचेच्या पेशींत साठते, तर त्याचे विघटन करणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, आतील पेशींत असतात. जनावराने पान चावताच दोहोंची गाठ पडते.

पहिले विकर पाण्याच्या साहाय्याने धुरिनमधील ग्लुकोज अलग करते. उरलेल्या रेणूवर ‘हायड्रॉक्सिनायट्राइल लायेज’ हे दुसरे विकर कार्य करते. ते कार्बनचे दोन अणू जोडणारा बंध तोडते आणि एका रेणूपासून पॅरा-हायड्रॉक्सिबेंझाल्डिहाइड व अत्यंत विषारी हायड्रोसायनिक आम्ल निर्माण होते. पाण्याचा वापर किंवा ऑक्सिडीकरण न करता बंध तोडणाऱ्या विकरांना ‘लायेज’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांचा वर्ग चौथा आहे. ही विक्रिया विकरावाचूनही होऊ शकते. विकरामुळे तिला वेग येतो.

हे विष पेशींतील श्वसनक्रिया रोखते. रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. म्हणूनच बाधित जनावराचे रक्त लालभडक दिसते.

अवर्षण आणि नत्रखताची अतिरिक्त मात्रा यांमुळे धुरिनचे प्रमाण वाढते. कापणीनंतर फुटलेले कोवळे फुटवेही तितकेच घातक असतात. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी जनावरांना चारू नये. कापलेला चारा चांगला वाळविल्यास धोका बराच कमी होतो. लक्षणे दिसताच पशुवैद्यकास पाचारण करावे. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळीच दिल्यास जनावर वाचू शकते.

झाडाने स्वसंरक्षणार्थ योजिलेली ही व्यवस्था आहे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व शिक्षकांनी वर्गात ही माहिती दिल्यास अनेक शेतकऱ्यांचे पशुधन वाचेल.