डायनोचा आलेख : किलोमीटर की आरपीएम?

होस्टेलवर गाड्यांचा विषय निघाला की "हिचा टॉर्क जास्त की तिचा" हा वाद ठरलेलाच! मग कुणीतरी दोन डायनो-आलेख शेजारी ठेवतो. पण एकाच्या आडव्या अक्षावर ताशी किलोमीटर आणि दुसऱ्याच्या आरपीएम असेल, तर ती तुलना होतच नाही.

चेसिस डायनोवर गाडीची चाके रोलरवर फिरतात. रोलरला फक्त चाकाचा वेग आणि चाकाने लावलेले बल कळते. इंजिन किती फेरे घेतंय, हे त्याला आपणच सांगावे लागते.

आपली ओळखीची मारुती ८०० घ्या. (तिचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले.) टायर १४५/७० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मि.मी., बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १२ इंची. व्यास झाला सुमारे ५०८ मि.मी., परीघ १.५९५ मीटर. एका किलोमीटरला चाकाचे ६२७ फेरे. वर्धा रोडवर ताशी ६० ने निघालो तर मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, म्हणून चाकाचा आरपीएमही ६२७. आता गिअर आणि डिफरन्शिअल मिळून एकूण रेशो तिसऱ्यात ५.८ आणि चौथ्यात ३.९ धरू. गुणाकार करा : तिसऱ्यात इंजिन ३६३७ आरपीएम, चौथ्यात २४४५.

या गाडीचा कमाल टॉर्क ५९ न्यूटन-मीटर, २५०० आरपीएमला. वेगाच्या आलेखात हेच शिखर तिसऱ्या गिअरमध्ये ४१ वर, तर चौथ्यात ६१ वर दिसेल. इंजिन तेच! चौथ्यातच १५५/७० आर १३ टायर लावले तर शिखर ६६ वर सरकेल. कुणी म्हणेल, "ट्यूनिंग जमली." प्रत्यक्षात फक्त टायर बदलला.

खरी गोम पुढे आहे. टॉर्क = किलोवॅट × ९५४९ ÷ आरपीएम. पॉवर रोलरच्या बल आणि वेगावरून निघते, तिला गिअरशी देणेघेणे नाही. पण टॉर्क काढताना आरपीएम भागाकारात येतो. मोठे टायर लावून हिशेब जुन्याच टायरचा ठेवला, तर खऱ्या २५०० च्या जागी २६९३ धरले जातील आणि ५९ चा टॉर्क ५५ दिसेल. पॉवर मात्र तेवढीच! अशा आकड्यावर भरवसा ठेवून नवा एक्झॉस्ट घेतला तर पैसे पाण्यात.

टायरवरचे माप हीसुद्धा सुरुवातच समजा. वजनाने टायर दबतो, रोलरवर थोडा घसरतो. म्हणून टेस्टच्याच गिअरमध्ये स्थिर वेग धरून टॅकोमीटर वाचा आणि आरपीएमला रोलरच्या वेगाने भागा. तोच त्या गिअरचा गुणक. गाडीचा स्पीडोमीटर इथे चालणार नाही, तो बहुधा वेग थोडा जास्तच दाखवतो. ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी गाडीत हा गुणक स्थिर राहत नाही, तिथे आरपीएम थेट इंजिनवरूनच घ्यावा.

तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आलेख जोडताना खाली गिअर, टायरचे माप आणि गुणक लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न तिथूनच येईल!