मोटारीचा रंग : खडी, धूळ आणि घसारा

जमाखर्चाच्या वहीत ‘घसारा’ हा शब्द दरवर्षी लिहिला जातो. घासले जाणे, झिजणे हाच त्या शब्दाचा मूळ भाव आहे. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर आयकराच्या नियमांनुसार साधारणतः १५ टक्के घसारा घटत्या मूल्यावर धरला जातो. दहा लाखांची गाडी दोन वर्षांनी वहीत सात लाख साडेबावीस हजारांची होते. हा झाला कागदावरचा घसारा. प्रत्यक्ष घसारा रस्त्यावर आणि दारातल्या धुण्याच्या जागी होत असतो. तो सर्वांत आधी दिसतो गाडीच्या रंगावर. बाजारपेठांची गावे आणि महानगरे यांच्यामध्ये सतत ये-जा करणाऱ्या व्यापारी कुटुंबांच्या गाडीला तर तो चुकत नाही. बॉनेटच्या कडेवर पांढरे ठिपके उमटतात, दाराच्या खालच्या भागातील रंगाचे टवके उडतात, आणि उन्हात पाहिले असता साऱ्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकतात. यांतील बराचसा घसारा टाळता येतो. त्यासाठी प्रत्येक वेळी मोठा खर्च करावा लागतो असेही नाही.

कागदाइतके कवच

कारखान्यात मोटारीला दिला जाणारा रंग एकाच थराचा नसतो. पत्र्याचा सांगाडा प्रथम स्वच्छ करून त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर येतो. या सर्वांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीची एक-दोन पाने एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढेच हे कवच. गाडीची चकाकी ज्याच्यावर अवलंबून असते तो पारदर्शक थर तर यातील केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो.

हे कवच पातळ असले तरी त्याचे काम मोठे आहे. लोखंडाला हवा आणि ओलावा एकत्र मिळाले की गंज चढतो. खारट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून कोकणपट्टीतील गाड्यांना गंजाचे भय अधिक. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो शेजारचा रंग खालून उचलून धरतो. मोहरीएवढ्या टवक्याभोवती काही महिन्यांत फुगवटा दिसू लागतो तो याच कारणाने. पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. त्यामुळे गंज लांबतो, पण कायमचा टळत नाही. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो; त्याचा रंग उडाला तर शोभा जाते, गंज मात्र चढत नाही. टवका कोठे उडाला आहे हे पाहूनच त्याची चिंता किती करावी हे ठरते.

खड्याचे वजन आणि वेगाचे गणित

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत रस्त्याची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनलेला हा दगड कठीण आहे. फोडल्यावर त्याला धारदार कोपरे येतात. डांबरात तो घट्ट बसतो तोपर्यंत उत्तम. पण नव्याने खडी पसरलेल्या, पावसात उखडलेल्या अथवा रुंदीकरण चालू असलेल्या रस्त्यावर तोच खडा टायरखालून उडतो.

पाच ग्रॅमचा खडा ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीवर आदळला, तर त्या आघाताची शक्ती दुकानातील एक किलोचे माप वीतभर उंचीवरून पडावे एवढी असते. हा सारा आघात खड्याच्या एका टोकदार कोपऱ्यावर एकवटतो. वेग निम्मा केला तर आघात निम्मा होत नाही, चौथाई होतो. तेच माप जणू तीन बोटांच्या उंचीवरून पडते. आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. सुट्या खडीच्या पट्ट्यात गाडी ताशी ३०-४० किलोमीटरवर आणणे हा म्हणूनच रंगरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

दुसरा फुकटचा उपाय अंतराचा. पुढच्या ट्रकच्या चाकाने दोन मीटर उंच उडवलेला खडा वर जाऊन खाली येण्यास साधारण सव्वा सेकंद घेतो. पुढील वाहनाशी तीन सेकंदांचे अंतर राखले, तर मागची गाडी तेथे पोहोचेपर्यंत असे बहुतेक खडे रस्त्यावर पडलेले असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाला हे अंतर सुमारे ६७ मीटर होते. पुढच्या वाहनाने रस्त्यालगतचा एखादा खांब ओलांडला की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे सावकाश मोजावे. त्यानंतर आपली गाडी खांबाशी पोहोचली तर अंतर योग्य समजावे. यात रंगाबरोबर जीवही वाचतो.

तिसरी गोष्ट मडफ्लॅपची. दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकावरील कमान यांवरील टवके बहुधा स्वतःच्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खड्यांचे असतात. चार रबरी मडफ्लॅप ते अडवतात आणि मागून येणाऱ्यालाही वाचवतात. याउलट बंपर वाचवण्यासाठी पुढे लोखंडी गार्ड बसवणे टाळावे. असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. पादचाऱ्यांना त्यांचा धोका असतोच, शिवाय एअरबॅगच्या कार्यातही अडथळा येऊ शकतो.

ज्यांच्या दुकानाचा किंवा बांधकामाचा माल ट्रकने जातो, त्यांच्याकडे आणखी एक जबाबदारी येते. वाळू, खडी, विटा वाहणाऱ्या ट्रकवर ताडपत्री बांधलेली आहे ना, फाळका नीट लागला आहे ना, हे माल सुटण्यापूर्वी पाहिले, तर मागच्या अनेक अनोळखी गाड्यांच्या काचा आणि रंग वाचतात.

सकाळच्या फडक्याचे नुकसान

खड्याचा टवका डोळ्यांना दिसतो. धुळीचे नुकसान दिसत नाही, पण एकंदरीत तेच अधिक असते. धुळीत वाळूचे स्फटिककण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् श्रेणीत स्फटिकाचा क्रमांक ७ आहे, तर चाकूच्या पोलादाचा साधारण साडेपाच. रंगावरील लॅकर या दोहोंपेक्षा पुष्कळच मऊ. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी कोरड्या फडक्याने, किंवा एकाच बादलीतील गढूळ पाण्यात बुडवलेल्या फडक्याने गाड्या पुसण्याची रीत आहे. त्या फडक्यात अडकलेले कण पॉलिशपेपरचे काम करतात. एकच फडके पाच गाड्यांवर फिरले, तर पाचही गाड्यांची धूळ पाचव्या गाडीवर घासली जाते. धुळीने माखलेल्या गाडीवर तसेच कव्हर चढवले आणि वारा सुटला, तरी हाच परिणाम होतो.

रीत अशी असावी. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. प्रथम केवळ पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठीच्या शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. प्रत्येक भाग धुतल्यावर फडके आधी साध्या पाण्यात खंगाळावे, मगच शाम्पूत बुडवावे. छतापासून आरंभ करून खाली यावे. दारांचा तळभाग आणि चाके शेवटी, तीही वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण वापरू नये, कारण तो रंगावरील मेण काढून टाकतो. रोजच्या फडक्यापेक्षा आठवड्यातून एकदा असे धुणे रंगास हितकर आहे, आणि पाण्याचा एकूण खर्चही त्यात वाढत नाही.

साहित्य निवडताना अहिंसक घरांनी एक बाब लक्षात घ्यावी. गाडी टिपण्यासाठी विकले जाणारे शॅमॉय हे मेंढी-बकरीचे कातडे असते. काही हातमोजे लोकरीच्या कातड्याचे, काही ब्रश डुकराच्या केसांचे, तर काही पॉलिशमध्ये मधमाश्यांचे मेण असते. या सर्वांना निर्दोष पर्याय आहेत. मायक्रोफायबर हे पॉलिस्टर आणि नायलॉनच्या धाग्यांचे कापड असून टिपण्याच्या कामात कातड्याला मागे टाकते. कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. डब्यावरील घटकांची यादी वाचून, शंका असल्यास विचारून, खरेदी करावी.

मेण, सिरॅमिक आणि फिल्म

दुकानात रंगरक्षणाच्या नावाने तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. मेण आणि कृत्रिम सीलंट यांचा थर अत्यंत पातळ असतो. पाणी ओघळते, चकाकी येते, पण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो निघून जातो. सिरॅमिक कोटिंग सिलिकायुक्त असते आणि काही वर्षे टिकते. त्यावर मळ कमी चिकटतो व धुणे सोपे होते. मात्र त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असते. एवढा थर खडा अडवू शकत नाही. सिरॅमिक केले म्हणजे टवके उडणार नाहीत, असे कोणी काउंटरवर सांगितले तर ते ग्राह्य धरू नये; ते लेखी मागावे. असे आश्वासन बहुधा लेखी मिळत नाही.

खडा अडवते ती पारदर्शक फिल्म. ती पॉलियुरेथेनची असून १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे मूळ रंगाच्या सर्व थरांपेक्षाही जाड. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा धुळीपासून वाचवण्यासाठी याच जातीच्या पट्ट्या वापरतात. चांगल्या फिल्मवरील बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. पूर्ण गाडीला फिल्म लावण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. पण टवके मुख्यतः बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरशांची पाठ आणि दारांखालची पट्टी एवढ्याच ठिकाणी उडतात. तेवढ्याच भागांना लावली तर थोड्या खर्चात बहुतांश लाभ मिळतो. नव्याने रंगवलेल्या भागावर रंग पूर्ण सुकण्यापूर्वी फिल्म लावू नये. जुन्या, कमकुवत पुनर्रंगावरची फिल्म काढताना रंगही सोबत निघण्याची भीती असते. पारदर्शक फिल्मने गाडीचा रंग बदलत नाही. रंगीत आवरणाने मात्र तो नोंदणी पुस्तकातील नोंदीशी विसंगत होतो. त्यासाठी आधी परिवहन कार्यालयाची रीतसर मान्यता लागते.

दरवर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी सुचवले जाणारे रबिंगही विचारपूर्वक करावे. रबिंगने ओरखडे जातात ते वरचा लॅकर खरवडून. ३५-४० मायक्रॉनच्या पुंजीतून दरवर्षी थोडे काढत राहिले, तर एक दिवस पुंजी संपते.

टवका उडाल्यावर

टवका जवळून पाहावा. करडा थर दिसत असेल तर प्रायमर शाबूत आहे. चकाकणारा पत्रा किंवा तांबूस ठिपका दिसत असेल तर काम त्वरित करावे. गाडीचा रंगक्रमांक बहुधा दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर असतो. त्या क्रमांकाची टच-अपची छोटी बाटली मिळते. कोरड्या दिवशी जागा स्वच्छ करावी, गंज असल्यास बारीक पॉलिशपेपरने केवळ तेवढाच काढावा, पत्रा उघडा असल्यास प्रायमर लावावा, मग रंगाचे दोन-तीन पातळ थर आणि शेवटी लॅकर द्यावे. प्रत्येक थर सुकू द्यावा. जवळून डाग ओळखू येईल, पण गंज थांबेल. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे.

हिशेबाची बाजू

छोट्या टवक्यांसाठी विम्याचा दावा करण्यापूर्वी आकडे मांडावेत. सलग पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के बोनस मिळतो. एक दावा केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढून ५० वर पोहोचतो. हा हप्ता १२,००० रुपये आणि पुढे स्थिर धरला, तर या प्रवासात एकूण १५,००० रुपयांची सवलत हातची जाते. शिवाय प्रत्येक दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये मालकालाच सोसावे लागतात. म्हणजे दहा-बारा हजारांच्या रंगकामासाठी केलेला दावा तोट्याचाच व्यवहार ठरतो. प्रवासी मोटारीच्या देखभालीवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिटही सर्वसाधारणपणे मिळत नाही, हे फिल्मचा खर्च ठरवताना धरावे.

गाडी विकताना जाणकार खरेदीदार रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावतो. कारखान्याच्या रंगापेक्षा जाडी फार अधिक आली की तो अपघाताची शंका घेतो आणि किंमत पाडतो. दोन-चार टच-अप असलेला मूळ रंग त्याला संपूर्ण नव्या रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. म्हणून किरकोळ टवक्यांसाठी पूर्ण बॉनेट रंगवून घेण्याची घाई करू नये.

जी गाडी चार-पाच वर्षांत बदलायची आहे आणि बहुधा गावातच फिरते, तिला चार मडफ्लॅप, दोन बादल्या आणि टच-अपची एक बाटली पुरेशी आहे. जी दहा वर्षे राखायची आहे आणि दर आठवड्याला महामार्गावर जाते, तिला पुढच्या भागाची फिल्म गाडी नवी असतानाच लावणे हिशेबात बसते. वेग आणि अंतर यांचे पथ्य दोन्ही गाड्यांना सारखेच लागू आहे, आणि त्याचे बिल कधीच येत नाही.